नवरदेवाचं लिंबू

दादाच्या कट्यारीच्या टोकाला टोचलेलं लिंबू काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

हळद लागली की नवरदेवाने कट्यार हातात धरायची आणि तिच्या टोकाला लिंबू टोचायचं, म्हणजे त्याला नजर लागत नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. नजर लागते की नाही याबद्दल माझं एक मत आहे, पण ते अजून घरात कुणी विचारलेलं नाही. लिंबातलं आम्ल मात्र पोलादाला नक्की लागतं. याबद्दल जगात कुठेही दुमत नाही.

कट्यार आमची असती तर मी हे लिहायलाही बसले नसते. कट्यार होती सावळीराम काकांची. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, सिन्नरच्या पुढे त्यांची शेती आहे. मागे कुणीतरी कट्यार नेऊन म्यान फुटकं परत दिल्यापासून काकांनी ती भावकीत द्यायचंच बंद केलं होतं. बाबांनी शब्द टाकला म्हणून त्यांनी ती दादाच्या लग्नाला दिली. देताना एवढंच म्हणाले, "अण्णा, जशी नेली तशी आणायची. आपल्या शेखरच्या हळदीला हीच लागंल." शेखर त्यांचा मुलगा, आणि त्याची हळद अगदी तोंडावर आली होती.

दादा आणि वहिनी फिरायला गेल्यावर आई आहेराची भांडी लावायला बसली, तेव्हा लाल कापडातलं गाठोडं सापडलं. ते होतं कुलरच्या बरोबर समोर, ट्रंकेवर. लग्नघरातल्या पाहुण्यांसाठी अखंड चाललेल्या कुलरची ओली हवा त्याने मनसोक्त खाल्ली होती. आईने कापड सोडलं. आतलं लिंबू सुपारीएवढं होऊन गेलं होतं. त्याच्याखाली टोक काळं पडलं होतं आणि त्या काळ्यापासून पात्याच्या मध्यापर्यंत तांबूस गंज पसरला होता.

बाबा खुर्चीत बसले. एरवी काळजीचं काही असलं की ते येरझाऱ्या घालतात. ते बसले की प्रकरण गंभीर समजायचं.

"सावळीरामला काय तोंड दाखवू?" ते म्हणाले.

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "तू एमएस्सी केमिस्ट्री ना?" आई म्हणाली. या पदवीचा आमच्या घरात आजवर झालेला उपयोग म्हणजे दुधात पाणी किती आहे ते सांगणे आणि सोफ्यावरचे डाग काढणे. त्यामुळे मला ही संधीच वाटली. मी म्हटलं, "गंज म्हणजे काही नाही. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांचा संसार. मोडून टाकते."

बारीक पॉलिश पेपरने मी तो संसार दुपारभरात मोडला. पातं इतकं लखलखलं की बाबांनी त्यात बघून मिशी सारखी केली. मी हात धुतले आणि थोडंसं भाषणही केलं. सकाळी पाहते तर पात्यावर पुन्हा नारिंगी कोवळी मिसरूड. आम्लाचा अंश धातूच्या बारीक खळग्यांत राहिला होता, आणि मी नव्याने उघडं केलेलं पोलाद तर हवेतल्या ओलाव्याची वाटच बघत होतं. हे सगळं मला शास्त्रीयदृष्ट्या समजलं. बाबांना एवढंच समजलं की काल होतं त्यापेक्षा आज जास्त आहे.

"साफ करून भागत नाही, वर तेलाचा थर पाहिजे," मी जाहीर केलं. ही चूक झाली. आमच्या सोसायटीत एखादी गोष्ट दार उघडं ठेवून जाहीर केली की तिच्यावर चर्चासत्र होतं.

समोरच्या ज्योत्स्नाकाकू आल्या. "खोबरेल लाव गं. माझ्या सासूबाईंचा अडकित्ता खोबरेलावर टिकला. सासूबाई गेल्या, अडकित्ता आहे."

वरच्या मजल्यावरचे शौकतचाचा जिन्यात थांबले. "खोबरेल डोक्याला, बेटा. लोखंडाला गाडीचं काढलेलं काळं ऑइल. माझी स्कूटर बघ. रंग गेला, सीट गेली, पण गंज? नाव नको."

"चाचा, पण ती चालते कुठे?"

"चालणं वेगळं, गंज वेगळा. तू गंजाचं विचारलंस."

मी दोघांनाही नम्रपणे नकार दिला. खोबरेल खवट होतं, आणि काढलेल्या इंजिन ऑइलमध्ये स्वतःचंच आम्ल तयार झालेलं असतं. मला हवं होतं शुद्ध तेल, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही. त्यावेळी मला हा वैज्ञानिक सिद्धांत वाटला होता. प्रत्यक्षात तो आमच्या घरात दूध, तूप, मध आणि स्थळं या चार बाबतींत भेसळीची जी कायमची धास्ती असते, तिच्यातून आला होता.

बाजारात सगळ्यात शुद्ध खनिज तेल कुठलं? औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. रंग नाही, वास नाही, दोष नाही. मी कॉलेज रोडच्या एका मेडिकलमध्ये गेले आणि दोन मोठ्या बाटल्या मागितल्या.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "दोन?"

"हो. नीट भरपूर लागलं पाहिजे. आधी थोडक्यात भागवायला गेलो आणि त्रास वाढला."

"पेशंटचं वय काय?"

"तसं बरंच जुनं आहे," मी म्हटलं. मी कट्यारीचा विचार करत होते. तो कसला विचार करत होता ते मला बाटलीवरचं लेबल वाचल्यावर कळलं: बद्धकोष्ठावर, रात्री झोपताना दोन चमचे. आणि तोवर माझ्या मागे ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी उभ्या असलेल्या ज्योत्स्नाकाकूंनी सगळं ऐकून, मान हलवून, कुणाच्या वयाबद्दल बोलणं चाललंय याचा निष्कर्ष काढलेला होता.

संध्याकाळी त्या वाटीभर भिजवलेल्या मनुका घेऊन आल्या. बाबांसमोर वाटी ठेवून हळूच म्हणाल्या, "लग्नाच्या जेवणावळींनी होतं असं. लाजायचं काय त्यात?" पाठोपाठ चाचांनी इसबगोल पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाबा दूध आणायला खाली गेले, तर वॉचमनने "आता बरं वाटतंय ना, साहेब?" असं विचारलं. बाबांनी घरी येऊन दुधाची पिशवी ओट्यावर आपटली. "कट्यार राहू दे," ते म्हणाले, "आधी माझी अब्रू गंजायची थांबव."

अब्रू गेली तरी कट्यार वाचली असती तर मी सहन केलं असतं. पण त्या शुद्ध, निर्दोष, पारदर्शक तेलाखाली गंज पुन्हा आला. आत चाललेलं स्वच्छ दिसत होतं, हाच काय तो शुद्धतेचा फायदा.

आता प्रश्न माझ्या पदवीचा झाला. मी आईचे स्टीलचे डबे ताब्यात घेतले आणि प्रयोग मांडला. खिळे घासून चकचकीत केले. एकाला काहीच लावलं नाही, एकाला माझं पॅराफिन, एकाला खोबरेल आणि एकाला शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पिळून काढलेले थेंब लावले. डब्याच्या तळाशी मिठाचं कोमट पाणी घातलं, वर दोऱ्याने खिळे टांगले आणि झाकण लावलं. आई म्हणाली, "रव्याच्या डब्यात फाशी कुणाला दिलीस?"

निकाल असा लागला. कोरा खिळा लाल झाला. माझ्या पॅराफिनचा आणि मशीनच्या तेलाचा खिळाही जवळपास त्याच्याइतकाच लाल झाला. ज्योत्स्नाकाकूंच्या खोबरेलाने माझ्या तेलापेक्षा जास्त वेळ दम धरला. हा निष्कर्ष मी अजून समोरच्या घरात कळवलेला नाही. विज्ञानात प्रसिद्धीची घाई करू नये.

मग जे आधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं, म्हणजे वाचलं. आणि जे वाचलं त्याने थक्क झाले. नुसत्या खनिज तेलाला लोखंडाबद्दल काहीच वाटत नसतं. ते पात्यावर नुसतं पडून असतं, लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेल्या पाहुण्यासारखं. पाणी आलं की ते निमूट सरकतं आणि जागा करून देतं. गंज थांबवतात ती त्यात मुद्दाम मिसळलेली द्रव्यं. त्यांच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपटी असते. डोक्याला धातूची ओढ, शेपटीला तेलाची. तेल लावलं की हे रेणू डोकं धातूला टेकवून आणि शेपूट तेलात सोडून दाटीवाटीने उभे राहतात. सिन्नरच्या सकाळच्या एसटीत दांड्याला धरून माणसं उभी असतात ना, अगदी तसे. दार उघडं असतं, पण चढून दाखवा. पाणी बाहेरच राहतं. काही द्रव्यं तर आधीच आत शिरलेल्या पाण्यालाही धक्के देऊन खाली उतरवतात आणि त्याची जागा घेतात. म्हणजे जिला मी भेसळ समजत होते, तीच खरी राखण करणारी होती. आणि मी हट्टाने राखणदार काढून टाकलेलं तेल आणलं होतं.

असं तेल सातपूरच्या एमआयडीसीत मिळेल म्हणून गेले. होतंही. दुकानदार म्हणाला, "बॅरल की कॅन?" मी म्हटलं, "वाटीभर." त्यावर त्याने माझा जीएसटी नंबर विचारला. मी नाही म्हटल्यावर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

शेवटी तेजस्विनी आठवली. माझी वर्गमैत्रीण. अंबडच्या एका कारखान्यात तेलांच्या प्रयोगशाळेत लागली आहे. ती फोनवर म्हणाली, "ये की. नमुन्याची बाटली देते. पातं पण आण, बघते." मी कट्यार कापडात गुंडाळून पिशवीत घातली आणि कारखान्याच्या फाटकावर गेले.

सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली. "हे काय?"

"कट्यार."

"कशाला?"

"लग्नाची आहे."

"लग्न आत आहे का?"

मी समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि धारदार वस्तू आत जात नाहीत असं सांगून कट्यार आपल्या केबिनमध्ये जमा करून घेतली. तिला छत्र्यांसारखा बिल्ला लावला. त्या केबिनमध्ये कुलर होता. मी प्रयोगशाळेकडे जाताना काचेतून पाहिलं. त्याने कट्यार नेमकी कुलरवर ठेवली होती.

तेजस्विनीने बाटली भरायला थोडासा वेळ घेतला. ती फाटकाबाहेर काढायला दुपार गेली.

"परत येणारी वस्तू की न येणारी?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

मी शास्त्राची विद्यार्थिनी. जे खरं तेच बोलते. "बाटली परत येईल. तेल येणार नाही."

"मग दोन पास लागतील."

"अहो, तेल बाटलीतच आहे."

"म्हणूनच. एकाच पासावर अर्धं जाणार, अर्धं येणार, असं कसं चालेल?"

तेजस्विनीने कपाळाला हात लावला. "बाटली परत येईल हे तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?" मग दोन पासांवर सह्या हव्या होत्या, स्टोअरचे साहेब जेवायला गेले होते आणि जेवून आल्यावर ते बाटलीकडे बघून म्हणाले, "पण यात ऑइल किती, ते मोजलं कुणी?" मी, माझी बाटली आणि कुलरची हवा खाऊन आलेली कट्यार असे तिघं एकत्र बाहेर पडलो तेव्हा शिफ्ट सुटली होती.

पण तेल अस्सल निघालं. त्या रात्रीऐवजी मी दुसऱ्या दिवशी भरउन्हात, कुलर बंद करून काम केलं. खायच्या सोड्याच्या पाण्याने उरलेलं आम्ल मारलं, साध्या पाण्याने धुतलं, पुसलं, गंज पुन्हा घासून काढला आणि गच्चीत कोरडं कोरडं करून ते तेल चोळलं. डब्यातही नवा खिळा टांगला. काही दिवस गेले. बाकीचे खिळे लाल होऊन खिळेपण विसरले. हा एक मात्र जसाच्या तसा. मी तो बाबांना हातावर ठेवून दाखवला. बाबांनी खिशात टाकला आणि दिवसभर तिथेच ठेवला. पातंही तसंच होतं. आम्ही तिघं त्या दिवशी पोटभर जेवलो.

फक्त या तेलाचा रंग मधासारखा होता आणि थर वाळल्यावर बोटाला किंचित चिकट लागे. हे मी आईला सांगायला विसरले.

काका-काकू शेखरची पत्रिका द्यायला आणि कट्यार न्यायला येणार होते, त्या सकाळी मी अंघोळीला गेले. बाहेर येते तर आई सिंकपाशी. "अगं, कसलं चिकट तपकिरी झालं होतं बघ. परत गंज धरला वाटतं. चांगली घासून काढली." आणि तिच्या हातात भांड्यांचा साबण होता, लिंबाच्या रसाचा.

मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. चाचा जिन्यातून "कोण पडलं?" म्हणाले, त्याअर्थी किंचाळले असेन. कट्यार हिसकावून घेतली, धुतली, पुसली आणि केस वाळवायच्या ड्रायरने तिला गरम हवा द्यायला लागले. बाबा बाटली घेऊन धावत आले. बाटलीच्या तळाशी जेमतेम थोडं तेल होतं. ती उलटी करून, झटकून, तेल बोटाने निपटून मी पात्यावर पसरलं आणि टोकापर्यंत पोचतेय तोच बेल वाजली. टोकाला पुरेसं लागलं की नाही ते बघायलाही वेळ नव्हता. बाबांनी कापड गुंडाळलं.

सावळीराम काका आणि धोंडाबाई काकू आत येऊन बसले. गाठोडं टीपॉयवर ठेवलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली आणि पंख्याकडे पाहिलं. पाणी झालं. पत्रिका झाली. पत्रिकेत कुणाचं नाव राहिलं आणि ते कसं रागावलेत हे झालं. चहा झाला. गाठोड्याला कुणी हात लावेना. बाबांनी लावणं शक्यच नव्हतं. मी मनात रेणूंची डोकी मोजत होते. पण काका का लावत नव्हते, ते मला कळेना.

"अण्णा, गाड्यांचा रस्ता आता बरा झालाय," काका तिसऱ्यांदा म्हणाले.

"हो, बराच बरा झालाय," बाबाही तिसऱ्यांदा म्हणाले.

धोंडाबाई काकूंनी कप खाली ठेवला. "कट्यार न्यायला आलात का रस्ता मोजायला?"

"न्यायची की. घाई काय."

"घाई नाय कशी! लेकाची हळद हाय." काकू आईकडे वळल्या. "काय सांगू तुमाला, रात्रभर डोळ्याला डोळा नाय यांचा. म्हणं, गंजली आसंल तर अण्णाला बोलू कसं? आन नाय बोललो तर लय दिवस पोटात राहील. म्या म्हणलं, आधी बघा तर खरं. तर म्हणं, तूच बघ."

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि येरझाऱ्या घालायला लागले.

काकूंनीच गाठोडं ओढलं आणि शेंगा सोलाव्यात तसं कापड सोडलं. पातं बाहेर आलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, टोक डोळ्याजवळ नेलं. आमच्या घरात इतकी शांतता मी दहावीच्या निकालालाही ऐकलेली नाही.

"हाय की चांगली!" काकू म्हणाल्या. "नेली तवा हितं काळं होतं, ते बी गेलं. उगाच दोघं भाऊ तोंड पाडून बसलेत."

काकांनी कट्यार हातात घेतली. आरशात बघावं तसं पात्यात पाहिलं. मग डोळे पुसायच्या निमित्ताने उपरण्याने सगळा चेहराच पुसला. "अण्णा," ते म्हणाले, "आता आणखी चहा घेतो." बाबा इतक्या मोठ्याने हसले की चाचा पुन्हा जिन्यात आले.

आणि त्या आनंदात काकूंनी पिशवीतून लिंबू काढलं. "मोकळी नेऊ नये, लग्नाची हाय," असं म्हणत त्यांनी ते टोकावर नेलं.

"थांबा!" मी ओरडले. काकांसमोर आवाज चढवायची माझी पहिली वेळ. पण एकदा सुरू झाल्यावर मी आम्ल, ओलावा, डोकी आणि शेपट्या सगळं सांगून टाकलं. उभे रेणू दाखवायला मी स्वतः दरवाज्याच्या चौकटीला धरून उभी राहिले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे लिंबू टोचायचंच नाय?"

"टोचा. पण अगदी मुहूर्ताच्या तोंडावर, टोकाला तेल लावून. आणि अक्षता पडल्या की लगेच काढा. कोरडं पुसा. पुन्हा तेल लावा."

"लग्नात हे ध्यानात कुनाच्या ऱ्हानार?" काकू म्हणाल्या. तो प्रश्न होता, पण सगळे माझ्याकडे बघत होते.

म्हणून शेखरच्या लग्नात मी मांडवात उभी होते, एका हातात मऊ फडकं आणि दुसऱ्या हातात तेजस्विनीने तिसरा पास काढून दिलेली नवी बाटली. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या. शेखरने हार घालायच्या आधी वळून कट्यार माझ्या हातात दिली. इतका धाक काकांनी त्याला घातला होता. मी लिंबू काढलं, पातं पुसलं, तेल लावलं. वाजंत्री चालू असताना काका वाकून टोक बघून गेले. मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा येऊन बघून गेले.

जेवणाच्या पंगतीत काकांचे मेहुणे वाळूभाऊ त्यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि हेतू सगळ्यांना दिसत होता. मी समोरच्या ओळीत जिलेबी खात होते.

"दाजी, कट्यार द्या की आमाला."

भावकीचे दोघे-तिघे जेवायचे थांबले. काकांनी घास संपवला.

"देतो," ते म्हणाले. "पन आमची पुतनी संगं न्यावी लागंल. तिची ऱ्हायची सोय बघा. ती सांगंल तवा लिंबू टोचायचं, ती सांगंल तवा काढायचं. मानकरीन हाय ती."

वाळूभाऊंनी मला नीट न्याहाळलं, माझ्या मांडीवरच्या तेलकट फडक्यासकट.

"मग मानाचं काय करायचं?" त्यांनी काकांना गंभीरपणे विचारलं. "हिला फेटा बांधायचा का साडी द्यायची?"

काकांनी जिलेबीचा तुकडा मोडला, विचार केला आणि म्हणाले, "दोन्ही."